एका पायाचं स्टूल

नागपूरहून रायपूरकडे निघालं, की भंडारा शहराच्या थोडं अलीकडे ठाणा नावाचं गाव लागतं. नुसतं ‘ठाणा’ म्हटलं तर समोरचा क्षणभर अडखळतो. ‘ठाणा पेट्रोलपंप’ म्हटलं की त्याला लगेच कळतं. गावाची शाळा, देवळं, बाजार सगळं मागे पडलं आणि पंप ओळखीला उरला. इथून आत वळलं की जवाहरनगर. जुना सहा नंबरचा महामार्ग आता त्रेपन्न नंबरचा झाला, रुंद झाला, गाड्या सुसाट झाल्या आणि खिडकीतून हा भाग दिसण्याचा वेळ अजूनच आखडला. दिसतं तरी काय? धानाच्या बांध्या, एखादी बोडी म्हणजे लहान तलाव, त्याच्या पाळीवरची बाभळीची रांग, लांबलचक कुंपण, त्यावर मनाईचा फलक. तोवर प्रवाशानं मान मोबाइलमध्ये घातलेली असते.

रोज डोळ्यांसमोर असलेलं पाहायला शिकता येतं का, हा या लेखाचा विषय. त्यासाठी एखादं अभयारण्य निवडणं सोपं होतं. जिल्ह्यात कोका आहे, शेजारी नागझिरा आहे. पण अभयारण्यात माणूस तिकीट काढून, पाहायचं ठरवूनच गेलेला असतो. जवाहरनगरला कुणी काही पाहायला जात नाही. उलट इथे कॅमेरा काढायला बंदी. आणि तरीही शेकडो माणसांची रोजीरोटी इथे लक्ष देण्यावरच चालते.

जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणी, भंडारा. चीनशी झालेल्या युद्धानंतर संरक्षण उत्पादन वाढवण्याची जी घाई देशात झाली, त्या साठच्या दशकात हा कारखाना इथे उभा राहिला. गोळ्याला नळीतून पुढे ढकलणारी प्रणोदकं आणि स्फोटकं इथे बनतात. १ ऑक्टोबर २०२१ला देशातल्या ४१ आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. पाटी बदलली तरी लोकांच्या तोंडी अजून ‘ऑर्डनन्स’च आहे.

स्फोटकांच्या कोणत्याही कारखान्याची काही रीत असते. काडीपेटी, विडी, मोबाइल बाहेर ठेवायचं. झडती द्यायची. ठिणगी पडणार नाही असे बूट, ठिणगी उडणार नाही अशी तांब्या-पितळेच्या जातीची अवजारं. इमारती एकमेकींपासून मुद्दाम दूर आणि मध्ये मातीचे उंच बांध, म्हणजे एकीत काही झालं तर दुसरी वाचावी. या दुराव्यामुळे अशा वसाहतींत खूप जमीन मोकळी राहते. तिथे झाडं वाढतात, गवत माजतं, पाखरं येतात. दारूगोळ्याच्या कारखान्यानं नकळत रान राखावं हा योग विचित्र आहे, पण देशातल्या पुष्कळ आयुध निर्माण्यांच्या आवारात तो दिसतो.

आता थोडं लांब जाऊ. डायनामाइटचा शोध लावणाऱ्या आल्फ्रेड नोबेलनं १८७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये आर्डीर इथे कारखाना काढला. तिथे नायट्रोग्लिसरीन बनवणाऱ्या कामगाराचं मुख्य काम एकच होतं: थर्मामीटरकडे पाहत बसणं. आम्लांच्या मिश्रणात ग्लिसरीन सोडताना उष्णता निघते. पारा ठरलेल्या रेषेकडे सरकू लागला तर ग्लिसरीनची धार कमी करायची, थंडावा वाढवायचा. तरीही आवरेना तर सगळा घाणा खालच्या पाण्याच्या हौदात सोडून पळायचं. बाकी वेळ काहीही घडत नाही. ऊबदार खोली, एकच काटा आणि तासन् तास शांतता. डुलकी लागणारच. म्हणून त्याला बसायला एका पायाचं स्टूल दिलेलं असे. डोळा लागला की तोल जाणार आणि माणूस जागा होणार.

या स्टुलाबद्दल वाचलं तेव्हा ते मला क्रूर वाटलं, आणि शहाणंही. क्रूर का ते सांगायला नको. शहाणं अशासाठी, की ते बनवणाऱ्यानं कामगाराला ‘मन लावून काम कर’ असा उपदेश केला नाही. माणसाचं लक्ष ढळतं हे गृहीत धरलं आणि ढळलं की परत आणणारी सोय केली. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांच्या खुणा शोधणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचाही हाच प्रश्न होता. पाळी लांबली की खुणा निसटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक घड्याळ केलं. काटा टप्प्याटप्प्यानं पुढे सरकायचा, मधूनच दुप्पट उडी घ्यायचा, आणि ती उडी टिपायची एवढंच काम. १९४८मध्ये त्यानं निष्कर्ष छापले: दोन तासांच्या पाळीत पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची पकड सैल होते. निवडलेले, तरुण, निरोगी लोक होते ते. आळशी नव्हते.

२४ जानेवारी २०२५च्या सकाळी, प्रजासत्ताक दिन दोन दिवसांवर असताना, जवाहरनगरच्या कारखान्यातली एक इमारत स्फोटानं कोसळली. निदान आठ कामगार गेले. आवाज काही किलोमीटर दूरच्या गावांनी ऐकला. त्या स्फोटाच्या कारणांची चर्चा करण्याची ही जागा नाही. पण कुठल्याही कारखान्यात असं काही घडलं की ‘कुणाचं तरी लक्ष नसेल’ हे वाक्य ज्या सहजतेनं बोललं जातं, त्याला माझी हरकत आहे. लक्ष काही एकट्या कामगाराच्या डोक्यात भरून ठेवलेलं नसतं. पाळी किती तासांची आहे, एकाचं काम दुसरा तपासतो का, यंत्राची देखभाल वेळेवर होते का, ‘आज काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हणणाऱ्याचं वरचा ऐकून घेतो का, यांवर ते अवलंबून असतं. व्यवस्था धड नसेल तर जगातला सगळ्यांत सावध माणूसही काटा चुकवतो.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरही मला हेच दिसतं. निरीक्षण ही दैवी देणगी आहे, काहींना ‘नजर’ असते आणि बाकीच्यांना नसते, असं आपण मानतो. मला ते पटत नाही. ज्यांची नजर तयार झालेली आहे, त्यांच्या आयुष्यात कुठेतरी ते एका पायाचं स्टूल असतं: चुकलं तर आपटवणारी, किंवा निदान रोज त्याच जागी आणून बसवणारी एखादी सोय.

*

कुंपणाला लागून धान आहे. आधी पऱ्हे, मग रोवणी. ती उरकली की रस्त्यावरच्या माणसाला पुढचे दोन-तीन महिने नुसतं हिरवं दिसतं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालणाऱ्याला त्या हिरव्यात बरंच काही दिसत असतं. बांधीतल्या पाण्यावरचा काडीकचरा एका कोपऱ्याकडे हळूहळू ओढला जातोय, म्हणजे तिथे खेकड्यानं धुरा पोखरलाय. आज बुजवलं नाही तर उद्या बांधी कोरडी. एखाद्या चुडाचा मधला पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी झालाय, म्हणजे गादमाशी आली. त्या फुटव्याला आता लोंबी धरणार नाही.

सगळ्यांत फसवे तुडतुडे. ते पानांवर बसत नाहीत. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, दाटीनं बसून रस शोषतात. वरून पीक डौलात उभं असतं. मग एक दिवस शेताच्या मधोमध तपकिरी गोल ठिगळ दिसतं, जणू कुणी तिथे आग लावली. ते ठिगळ रस्त्यावरूनही दिसतं. पण ते दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. म्हणून कृषी खात्याचे लोक वर्षानुवर्षं एकच सांगत आलेत: वाका, चूड बाजूला सारा, बुंधा पाहा. पूर्व विदर्भातल्या धानउत्पादकाला निसर्गप्रेमी वगैरे कुणी म्हणत नाही. बँकेचं कर्ज हे त्याचं स्टूल.

तलावांची गोष्ट याहून जुनी. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडारा हा एकच मोठा जिल्हा होता आणि तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जायचा. यांतले बरेच तलाव कोहळी समाजानं बांधले. उसाचा आणि धानाचा शेतकरी तो. त्याला पाणी लागायचं. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी यानं बांधला असं सांगतात. सात बहिणी नावाच्या टेकड्यांमधली जागा त्यानं त्यासाठी हेरली. सपाटीमापक यंत्रं नव्हती. पावसात उभं राहून पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं, कुठे निसटतं हे पाहायचं, दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहायचं आणि मग पाळ घालायची. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चं सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ झालं. मामाच्या घरी जशी भाच्याची देखरेख व्हावी तशी या तलावांची झाली नाही, हे मात्र खरं. गाळ साचला, पाळी खचल्या, काठांवर बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप नावाला जागणारं आहे. कापा, उपटा, पुन्हा उभं.

पाणी आणि मासे यांकडे सगळ्यांत बारकाईनं पाहणारा इथला माणूस म्हणजे ढिवर. पाण्यावर केशरी ठिपक्यांचा पुंजका हलताना दिसला की त्याला कळतं, ही मरळीची पिल्लं, आणि खाली आई-बाप राखण करताहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणते ढिवर आणि मनीष राजनकर यांची ‘फीड’ ही संस्था यांनी या जाणतेपणावर एक काम उभं केलं. मासे कमी का झाले, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी जाळ्यात शोधलं नाही, पाण्यातल्या वनस्पतींत शोधलं. कोणता मासा कोणत्या झाडोऱ्यात लपतो, कशावर अंडी घालतो, कोणतं पाखरू काय खातं, याच्या नोंदी झाल्या. मग उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावातली बेशरम काढली, तळ नांगरला आणि देवधान, गाद, पोवन यांसारख्या स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. पुढे ढिवर समाजातल्या बायकांचे गट या कामात उतरले. स्थानिक मासे आणि बदकं परतली. मत्स्यविकासाच्या नावाखाली फक्त रोहू-कटल्याचं बीज सोडून मोकळ्या होणाऱ्या योजनांना हे दिसलं नव्हतं. ज्याच्या टोपलीत रोज संध्याकाळी मासळी मोजली जायची त्याला दिसलं.

*

न दिसण्याचं सगळ्यांत मोठं उदाहरणही याच धानपट्ट्यात आहे. सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागतो, कधी डोक्यालाही. राखाडी अंग, लाल मान, आणि जोडीनं दिलेली तुतारीसारखी हाक लांबवर ऐकू जाते. एवढा पक्षी नजरेआड होईल कसा? पण झाला. महाराष्ट्रातून तो जवळजवळ संपला आणि उरला तो मुख्यतः वैनगंगा आणि वाघ नदीच्या आसपास, गोंदियात, थोडा भंडाऱ्यात. पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात.

गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था, म्हणजे सावन बहेकर आणि त्यांचे सहकारी, गेली बरीच वर्षं या पक्ष्याच्या मागे आहेत. त्यांची गणना पाहण्यासारखी असते. जून महिना, पावसाच्या तोंडाशी. पाणी आटून मोजक्या जागी उरलेलं, त्यामुळे सारसही मोजक्या जागी. तिन्ही जिल्ह्यांत तुकड्या पहाटे अंधारातच ठरलेल्या जागी जाऊन बसतात, कारण उजाडल्यावर पक्षी चरायला उडतात आणि मग तोच पक्षी दोन गावांत दोनदा मोजला जातो. वनखात्याचे कर्मचारी असतात, कॉलेजची मुलं असतात, आणि असतो शेतकरी. तो नसेल तर गणना होणारच नाही, कारण जोडी कुठल्या बांधीत उतरते, कुठल्या बोडीवर रात्र काढते हे त्यालाच ठाऊक. सारस घरटं घालतो पाण्यात, पुष्कळदा भर धानात. गवत-काड्यांचा मोठा ढीग, त्यावर बहुतेक दोन अंडी, महिनाभर उबवणी. तेवढ्या जागेचं धान जातं. काही शेतकरी ते जाऊ देतात. काही देत नाहीत, आणि त्यांना दोष देणं आपल्यासारख्या पगारदारांना शोभत नाही.

गेल्या काही वर्षांत गोंदियातला आकडा चाळिशीच्या आत राहिला आहे. भंडाऱ्यातला एका हाताच्या बोटांवर मावतो. कीटकनाशकं, विजेच्या तारा, बदललेली पिकं, आटलेले तलाव अशी कारणं आहेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि प्रशासनाला आराखडा करायला लावला. न्यायालयासमोर बोलायला आकडे होते, कारण कुणीतरी दरवर्षी जूनमध्ये पहाटे चिखलात जाऊन बसत होतं. एका वर्षीची मोजणी म्हणजे बातमी. वीस वर्षांची मोजणी म्हणजे पुरावा. जवाहरनगरच्या आसपासच्या बांध्यांत सारस आज नाही. कधी उतरत होता का, हे गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारून कुणी लिहून ठेवलं तर तीही नोंदच होईल. ती करायला फार दिवस उरलेले नाहीत.

*

या भागात निसर्ग पाहण्याबद्दल लिहायचं आणि मारुती चितमपल्लींचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. ५ नोव्हेंबर १९३२चा जन्म, सोलापूरचा. म्हणजे जंगलाशी जन्मजात नातं नाही. गिरणीच्या शहरातला मुलगा. कोइमतूरला वनविद्या शिकून वनखात्यात आले. नवेगावबांधला आल्यावर त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले, त्या जंगलाचे आणि तलावाचे खरे जाणकार. चितमपल्ली अधिकारी होते. पण माधवरावांबरोबर फिरताना, ढिवरांशी, गोंडांशी बोलताना ते विद्यार्थी झाले आणि रोज रात्री वहीत लिहीत राहिले. ‘पक्षिकोश’ त्यातूनच आला. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. त्यांच्यावरच्या श्रद्धांजलींत ‘अरण्यऋषी’ हा शब्द इतक्यांदा आला की वाचणाऱ्याला वाटावं, हे आपल्याला जमण्यातलं नाही. मला त्यांची वही जास्त महत्त्वाची वाटते. ऋषी सगळ्यांना होता येत नाही. दिवसाच्या शेवटी पाच ओळी सगळ्यांना लिहिता येतात.

दुसरं उदाहरण कोकणातलं. १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली जर्मनीतून शिकून मुंबईला परतले तेव्हा त्यांची नोकरी गेली होती. अलिबागजवळ किहीमला सासरच्या मंडळींचं घर होतं, तिथे स्वस्तात राहता येईल म्हणून ते गेले. मोहीम नाही, हिमालय नाही, पैसा नाही. घराजवळ एका झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडी लावली, आडोसा केला आणि तिच्यावर बसून रोज तीच घरटी पाहायला सुरुवात केली.

सुगरण कुणी पाहिलेली नाही? बहिणाबाईंनी तिला मराठी घराघरांत पोचवलं आणि शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र असतं. पण त्या पावसाळ्यात शिडीवर बसलेल्या माणसाला जे दिसलं ते तोवर शास्त्रात नोंदलेलंच नव्हतं. घरटं विणतो तो नर. अर्धवट विणून झालं की माद्या पाहणी करायला येतात, आत जाऊन तपासतात, नापसंत असेल तर निघून जातात. एखादीनं पसंत केलं की ती राहते, नर पुढची नळी पुरी करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा गडी शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मग तिसरं. ज्या पक्ष्याला आपण गृहकृत्यदक्ष मातेचं प्रतीक केलं, त्याचा संसार हा असा. सालिम अलींनी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांत त्यांचं नाव झालं. महामार्गाला लागून, धानाच्या कडेला, पाण्यावर झुकलेल्या बाभळी-शिंदीवर सुगरणींची घरटी लोंबत असतात. शिडीचीही गरज नाही; पाळीवर बसलं तरी पुरे.

सालिम अलींना मिळालेली बेकारी कुणाला मिळू नये. पण महिनोन्महिने एकाच झाडासमोर बसायची सक्ती मिळाली नसती, तर तेही दुसऱ्या जंगलाकडे निघून गेले असते, असं मला वाटतं. नवं पाहण्याची हौस ही बारकाईनं पाहण्याची मोठी शत्रू आहे. दिवाळीच्या सुट्टीत ताडोब्याला जाऊन वाघ पाहून आलेल्या माणसाला स्वतःच्या क्वार्टरसमोरचं झाड कोणतं, हे सांगता येत नाही, याचं त्याला काही वाटतही नाही.

*

मग जवाहरनगरमधल्या, किंवा अशाच कुठल्या वसाहतीतल्या माणसानं काय करावं? पहिली अट कायद्याची. संरक्षण कारखान्याचा परिसर हा १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली प्रतिबंधित असतो. तिथे कॅमेरा, दुर्बीण घेऊन फिरणं म्हणजे नसती आफत. मला ही अट वरदान वाटते. फोटो काढला की पाहिल्याचं समाधान होतं आणि पाहणं तिथेच थांबतं. कॅमेरा नसेल तर चोच कशी होती, शेपूट हलत होती का, पाय पिवळे होते की काळे, हे डोक्यात धरून घरापर्यंत न्यावं लागतं. धरायचं म्हटलं की दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पाळीवर जाणाऱ्या माणसाकडे एक मोठी सोय असते: तो रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यानं जातो. याला लोक कंटाळा म्हणतात. निरीक्षणाच्या शास्त्रात याला शिस्तबद्ध नमुना म्हणतात. रॉबर्ट मार्शम नावाच्या इंग्रज जमीनदारानं १७३६मध्ये आपल्या आवारात वसंताची चिन्हं कधी दिसली ते लिहायला सुरुवात केली: पहिलं फूल कधी, पहिली पाकोळी कधी, बेडूक कधी ओरडले. त्याच्यामागे घराण्यानं ती वही १९५८पर्यंत चालवली. जपानात क्योतोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासून सापडतात, कारण दरबारी लोक फुलं पाहायला जमायचे आणि रोजनिशीत लिहायचे. हवामान तापत चालल्याचं सांगताना आज शास्त्रज्ञ याच नोंदी पुढे ठेवतात. लिहिणाऱ्यांच्या मनात यांतलं काहीही नव्हतं.

आपल्याकडे असं लिहून ठेवण्याजोगं काय कमी आहे? पळसाचं पहिलं फूल कोणत्या तारखेला दिसलं. मोहाचा पाला कधी झडला आणि पहाटे फुलं टपकायला कधी लागली. मोहफुलं वेचायला टोपली घेऊन निघणाऱ्या बायांना हे बरोबर ठाऊक असतं, फक्त ते कागदावर नाही. पहिला पावशा कधी ओरडला आणि त्यानंतर किती दिवसांनी खरा पाऊस आला. रोवणीच्या चिखलात बगळ्यांबरोबर उघडचोच करकोचे किती उतरले. शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी हिवाळ्याचा पाहुणा म्हणून कधी आला, आणि कोणत्या तारखेनंतर दिसेनासा झाला. हलकं धान दिवाळीच्या आगेमागे कापलं जातं, भारी धान त्यानंतर. मग मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस आणि रात्रभर दंडार, नाटकं. ती आटोपून पहाटे घरी परतणाऱ्यांना रस्त्यात पिंगळे किती दिसले? झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, पहाटे रस्त्यावर असणारी माणसं इतकी आहेत, की सगळ्यांनी एकेक ओळ लिहिली तरी मोठा ग्रंथ होईल.

एकट्यानं हे फार दिवस टिकत नाही, हेही सांगायला हवं. पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्या महिन्यात वही सापडत नाही. वाट पाहणारं कुणीतरी लागतं. सारसवाल्यांना जूनची तारीख असते आणि शेजारच्या तुकडीचा फोन असतो. चितमपल्लींना माधवराव होते. शाळेचा एक वर्ग, निवृत्त झालेल्या दोन-चार जणांचा सकाळच्या फेरीचा गट, एखादं वाचनालय, काहीही चालेल. ‘आज काय दिसलं?’ असं विचारणारा एक माणूस असला की दुसऱ्याला उत्तरासाठी तरी पाहावं लागतं. पक्ष्यांच्या नोंदी तर आता मोबाइलवरून ‘ई-बर्ड’सारख्या सामाईक संग्रहात जातात आणि नागपूर, मुंबई, बंगळूरच्या अभ्यासकांना लगेच मिळतात. मोठ्या शहरांतून तिथे नोंदींचा पूर येतो. लहान तालुक्यांच्या, कारखान्यांच्या गावांच्या वाट्याला कोऱ्या जागा. अभ्यासकाला भंडाऱ्यातल्या रस्त्याकडेच्या बोडीवर काय आहे हे कळत नाही, याचं कारण तिथे काही नाही हे नव्हे; तिथून कुणी कळवत नाही.

सुरुवात करायला मुहूर्तही आहे. चितमपल्लींचा वाढदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनानं २०२०पासून पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला आहे. त्या आठवड्यात कुंपणाच्या बाहेरची, सगळ्यांना मोकळी अशी एक जागा ठरवा: बोडीची पाळ, बसथांब्यामागचं झाड, धुऱ्याचा एक कोपरा. रोज त्याच वेळी अर्धा तास बसा. वहीत तारीख, वेळ, जागा आणि जे दिसेल ते लिहा. नाव येत नसेल तर वर्णन लिहून नावापुरती जागा कोरी सोडा आणि बारा तारखेला ती वही गावातल्या जाणत्या शेतकऱ्याला किंवा ढिवराला दाखवा.